दाराकडे ओढलेलं बर्फ

माणसांच्या आधी मला त्या घरातली पावलं ओळखू यायला लागली. आम्ही खाली बेसमेंटमध्ये राहायचो आणि घरमालकीण वर. वरची लाकडी जमीन तेच आमचं छत. तिच्यावरून कुणी चाललं की त्याचं वजन, त्याचा राग, त्याला लागलेली भूक, सगळं खाली समजायचं. घरमालकीण पोपो कापडी सपाता घालून सकाळी स्वयंपाकघरात फिरायची, ते खाली परातीत कुणी भाकरी थापत असल्यासारखं ऐकू यायचं. तिचा मुलगा मिंग टाच आपटत चालायचा. तो जिना उतरायला लागला की आमच्या मांडणीवरच्या वाट्या किणकिणायच्या. आणि भिंतीतून घर तापवणाऱ्या फर्नेसची जी पत्र्याची नळी वर गेली होती, तिच्या व्हेंटमधून, म्हणजे जाळीच्या तोंडातून, गरम वाऱ्याबरोबर त्यांचं बोलणंही खाली यायचं. एक शब्द कळायचा नाही, पण सूर कळायचा. भांडण कुठल्याही भाषेतलं ओळखू येतं, आणि एखादं माणूस रडू दाबून बोलतंय तेही.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते, निदान आई तसं सांगायची. गुहागरच्या बाजूचं आमचं गाव, वडील एसटी स्टँडवरच्या कँटीनमध्ये भजी तळायचे. चौथीनंतर शाळा सुटली कारण पाठच्या तिघांना सांभाळायला कुणी नव्हतं. आमचे हे टोरोंटोच्या कडेला स्कार्बरोत एका कारखान्यात लेथवर होते. लग्न करून मला घेऊन आले ते थेट या बेसमेंटमध्ये. मी आधीच अबोल, त्यात इथली भाषा येत नव्हती, म्हणजे मला गप्प बसायला आयतंच कारण मिळालं. हे कामावरून आले की विचारायचे, "अगं, आज कुणाशी काही बोललीस का?" मी नाही म्हणून मान हलवायची. "निदान भाताशी तरी?" म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. आता माझी लेक म्हणते, आई, तू बोलत नाहीस तर लिहून तरी ठेव. म्हणून दुपारी घर रिकामं असताना लिहिते. कुणी आलं की झाकून ठेवते, एखादी चोरून खाल्लेली वस्तू ठेवावी तसं.

पोपो म्हणजे त्यांच्या भाषेत आईची आई. तिला तेव्हा एकही नातवंड नव्हतं, पण गल्लीतली चिनी मुलं तिला पोपो म्हणायची म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. साठीच्या पुढची, ठेंगणी, केसांचा घट्ट अंबाडा. तिला इंग्रजी बेताचं येत होतं आणि मला तेवढंही नाही, त्यामुळे आमचं छान जमलं. ती तिच्या भाषेत बोलायची, मी फारच झालं तर माझ्या भाषेत एखादा शब्द टाकायची, आणि हातवाऱ्यांनी उरलेलं भागायचं. एकदा तिने मला मागच्या अंगणात मेथी निवडताना पाहिलं. शेजारी बसली आणि न विचारता निवडायला लागली. कोवळी पानं कुठली, दांडा कुठे मोडायचा, तिला सांगावं लागलं नाही. त्या दिवसापासून जड कामाला ती मला वर बोलवायची. बोलवायची म्हणजे पायाने जमिनीवर दोनदा ठोकायची. माझं नाव सुमन. तिच्या तोंडी ते "सूमान" व्हायचं, आणि मला ते माझ्या नावापेक्षा आवडायला लागलं होतं.

त्यांचं नवं वर्ष चंद्रावर चालतं आणि ऐन थंडीत येतं. त्याच्या आधीचे आठ-पंधरा दिवस आपल्याकडच्या दिवाळीआधीसारखे. पोपोने पडदे उतरवले, कपाटांच्या मागची धूळ काढली, मिंगला केस कापून यायला पिटाळलं. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी झाडायचं नाही ना, म्हणून सगळं आधीच. मुळे किसायला मला बोलावलं. किसलेला मुळा, तांदळाचं पीठ, सुकी कोलंबी असं कालवून वाफवायचं, मग कापून तव्यावर तळायचं. अगदी आपली कोथिंबीर वडी, फक्त मुळ्याची आणि वाडगाभर सुक्या कोलंबीची. सुक्या कोलंबीचा तो वास नाकात गेला आणि मला तिथेच, त्या परक्या स्वयंपाकघरात, आमच्या परसातला आईचा तवा दिसला. पोपोने माझ्याकडे पाहिलं, आणि कोलंबीची एक मूठ माझ्या पदरात बांधायला दिली.

तिच्या चुलीच्या मागच्या भिंतीवर लाल कागदावर एक देव होता. हा चुलीचा देव, असं मिंगने ह्यांना सांगितलं होतं. वर्षभर तो घरातलं सगळं ऐकतो आणि नव्या वर्षाच्या आधी आठवडाभर वर आकाशात जाऊन सांगतो, कोण कसं वागलं ते. म्हणून जायच्या आधी त्याच्या ओठांना मध लावायचा, म्हणजे गोड बोलेल. मला हे ऐकून हसू आलं, आणि बरंही वाटलं. आमच्याकडे आई पहिल्या भाकरीचा तुकडा चुलीत टाकायची. चुलीला सगळं ठाऊक असतं असं तीही म्हणायची, फक्त तिला मध परवडायचा नाही.

देव वर गेला आणि तीन-चार दिवसांनी यीन आली. यीन म्हणजे पोपोची मुलगी. तास-दीड तासावरच्या किचनर गावात दिली होती. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठी, अंगात काळा कोट, हातात एकच बॅग. तिची पावलं मला नवी होती. दारापासून तिच्या जुन्या खोलीपर्यंत गेली आणि थांबली. मग बराच वेळ घरात कुणी चाललंच नाही.

व्हेंटमधून त्या संध्याकाळी जे सूर आले, ते मी आधी ऐकलेले होते. माझी धाकटी आत्या अशीच एक दिवस बोचकं घेऊन परत आली होती. तेव्हा मी सात-आठ वर्षांची असेन. घरात कुणी तिला जा म्हणालं नाही आणि ये असंही म्हणालं नाही. त्या दोन्हींच्या मधली जी शांतता असते, ती वरून खाली येत होती. पोपो सुरीने काहीतरी चिरत होती, पण इतक्या जोरात की फळीला काही झालं असेल तर आश्चर्य नाही.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी गाडीवरचं बर्फ खरवडताना मिंगकडून सगळं ऐकलं आणि जेवताना मला सांगितलं. यीनचं नवऱ्याशी पटेना, ती आता परत जाणार नव्हती. पोपोला त्याचा राग नव्हता. "म्हणे बरं झालं सुटली, असं आईच म्हणाली," हे म्हणाले. "मग?" मी विचारलं. घोटाळा वेगळाच होता. लग्न झालेल्या मुलीने जुन्या वर्षाची शेवटची रात्र आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस माहेरी काढायचा नाही. काढला तर भावाचं नशीब खाल्लं जातं. तिने यायचं ते नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी. तो खास लेकींचा दिवस. मिंग बँकेत होता, त्याचा ह्यावर काडीचा विश्वास नव्हता. तो म्हणत होता, माझं नशीब मी बघतो. पण पोपो स्वतः तरुणपणी एका वर्षी आईकडे राहिली होती, नवरा बोटीवर होता आणि सासरी करमेना म्हणून. त्याच वर्षी तिचा भाऊ तापाने गेला. कुणी तिला तोंडावर काही बोललं नाही म्हणे, पण तिच्या आईने पुन्हा कधी तिच्या ताटात हाताने वाढलं नाही.

"मिंग म्हणाला दोन दिवस हॉटेलात सोडतो तिला," हे म्हणाले. "तर ती म्हणाली, सोड, पण मग मी इकडे परत येणार नाही. आईच्या घरी जागा नसलेली मुलगी दोन दिवसांनी शकुनाची मोसंबी घेऊन कशाला येईल? आणि खरं आहे तिचं. पोपो ना हो म्हणते ना नाही. आपल्याला काय करायचंय म्हणा, दुसऱ्याच्या घरातलं."

मला आत्या आठवत होती. आमच्या घरात तिचा प्रश्न कसा सुटला, ते मला माहीत होतं. वडिलांनी मागच्या पडवीत तीन दगड मांडून तिला चूल घालून दिली. छप्पर तेच, भिंत तीच. पण गावात कुणी तोंड उघडलं की आजोबा म्हणायचे, तिची चूल वेगळी, तिचं घर वेगळं, ती आमच्याकडे राहत नाही, शेजारी राहते. आणि गाव गप्प बसायचं, कारण ते गावालाही मान्य होतं. आत्या पुढे तीस वर्षं आमची शेजारीण होती. रोज रात्री जेवायला आमच्यातच असायची.

जुन्या वर्षाच्या शेवटच्या दिवशी दुपारी वरून दोनदा ठोकल्याचा आवाज आला. मुळ्याचे डबे वाफेवरून उतरवायला पोपोला हात हवा होता. मी वर गेले. यीनच्या खोलीचं दार बंद होतं, दाराबाहेर तिची बॅग भरून ठेवलेली. पोपोचे डोळे वाफेने लाल झाले होते की कशाने, मी विचारायची गरज नव्हती. डबे उतरवले. हात पुसले. आणि माझ्या तोंडून निघालं, "यीन. माय हाउस. स्लीप."

आज हे लिहितानाही कानांच्या पाळ्या गरम होतात. कुणी न विचारता मी बोललेलं ते या देशातलं पहिलं वाक्य. पोपो माझ्याकडे बघत राहिली. मग तिला अर्थ लागला आणि तिने मान हलवली. "नो गुड. सेम हाउस." वर छताकडे बोट, खाली जमिनीकडे बोट, दोन्ही हात जुळवून छपराची खूण. एकच घर.

माझ्याजवळ शब्द नव्हते. मी तिचं मनगट धरलं. तोपर्यंत मी कधी तिला हात लावला नव्हता. तिला तसंच ओढत आतल्या जिन्याने खाली आणलं. आमच्या कोपऱ्यात तो जुना स्टोव्ह होता, त्याच्या चारातल्या दोनच कॉइल तापायच्या. एकीवर भात शिजत होता. मी स्टोव्हवर हात ठेवला. "माय," म्हटलं. वर बोट दाखवलं. "युअर." पुन्हा स्टोव्ह. "माय." आणि आणखी काही सुचेना म्हणून झाकण उचलून भात दाखवला, जणू भात साक्ष देणार होता.

पोपो भाताकडे बघत होती. तिने हळूच पुढे होऊन झाकण माझ्या हातातून घेतलं, नीट बसवलं, कॉइल जरा कमी केली. मग हसायला लागली. पोपोला हसताना मी पाहिलं होतं, पण हे हसू तिच्या खांद्यांपर्यंत गेलं, तिला खुर्चीवर बसावं लागलं. हसता हसता ती तिच्या भाषेत काहीतरी लांबलचक म्हणत होती. यीनने मला नंतर त्याचा अर्थ सांगितला. ती म्हणत होती, चुली दोन म्हणजे देव दोन, देव दोन म्हणजे घरं दोन, एवढं माझ्या आईला ठाऊक होतं, मी कशी विसरले, मी कशी विसरले.

पण पोपो कच्च्या गुरूची चेली नव्हती. काम पक्कं करायला हवं. तिने वरून लाल कागद आणून माझ्या स्टोव्हच्या मागे चिकटवला, त्यावर मिंगकडून काळ्या शाईने काहीतरी लिहवून घेतलं, पुढे पानांसकट दोन मोसंबी ठेवली. म्हणजे माझ्याही चुलीला देव झाला. आतल्या जिन्याच्या दाराला वरून कडी लावली आणि तिथे एक खुर्ची ठेवली. आता वर यायचं तर बाजूच्या दाराने बाहेर पडून, घराला वळसा घालून, पुढच्या दाराने. शेजारी येतात तसं. मग तिने यीनची बॅग स्वतः उचलून बाजूच्या दाराशी आणली आणि माझ्याकडे बोट करून मुलीला म्हणाली, "शी बॉस." यीनने माझ्याकडे पाहिलं आणि कमरेत वाकून विचारलं, "मे आय कम इन?" मी लाजून स्टोव्हच्या मागे जायच्या बेतात होते, पण तिथे आता देव होता.

हे कामावरून आले तो आपल्या पलंगावर एक अनोळखी बाई बसून मुळ्याची वडी खातेय. मी खाणाखुणा केल्या. "म्हणजे तू बोललीस?" त्यांनी विचारलं. "वर जाऊन? स्वतः?" मी मान डोलावली. त्यांनी बूट न काढताच स्टूलवर बसकण मारली आणि म्हणाले, "आता मला खाली झोपावं लागणार तर. चालेल. या बाईला महिनाभर ठेव, पण आणखी दोन वाक्यं बोलून दाखव." त्या रात्री वरचे वर आणि आम्ही खाली जेवलो. मिंगने अख्खा वाफवलेला मासा बर्फातून वळसा घालून आणून दिला. अर्धा खायचा, अर्धा उद्यासाठी ठेवायचा, म्हणजे वर्षभर शिल्लक राहते. मी कोकणातली, मला म्हणायचं माशाचं अर्धं अंग समोर ठेवून झोप! आईवडिलांचं आयुष्य वाढावं म्हणून त्या रात्री मुलं जागतात. सकाळी पोपोने यीनला विचारलं, दिवा रात्रभर का चालू होता, बर्फावर उजेड पडला होता. यीन म्हणाली, "खालच्या घरमालकिणीला अंधाराची भीती वाटते."

हे तिने विचारलं कसं, ते सांगायचं राहिलं. व्हेंटमधून! पहिल्या दिवशी सकाळी यीन पलंगावर उभी राहून केस विंचरत होती, धुवायचे नसतात त्या दिवशी, आणि वरून आवाज आला, "यीन-आ?" पोपो वर जमिनीवर व्हेंटच्या जाळीला तोंड लावून बसली होती. लेकीने पहिल्या दिवशी घरात पाय ठेवायचा नाही, पण आवाजाला कुठे पाय असतात. मग दिवसभर ते चाललं. पोपो वर टरबुजाच्या लाल बिया फोडत बसली, यीन खाली उशीला टेकून. ज्या दोघी तीन दिवस एका घरात राहून एक शब्द धड बोलल्या नव्हत्या, त्या आता थांबेनात. मध्येच पोपो विचारायची आणि यीन मला सोप्या इंग्रजीत, खुणा करून सांगायची, "आई विचारतेय, तुझा मासा उरलाय ना?" मी म्हणायची हो. अर्धा नाही, पण डोकं आणि शेपूट होती.

त्या दिवशी बायकांनी काही करायचं नसतं. झाडायचं नाही, सुरी धरायची नाही, कपडे धुवायचे नाहीत, सुई हातात घ्यायची नाही. सगळं आधी करून ठेवलेलं. मला यीनने हे सांगितलं तेव्हा थट्टाच वाटली. आमच्या गावी सण म्हणजे बाईची कंबर मोडायचा दिवस. मी माझे हात मांडीवर ठेवून बसले आणि त्यांचं काय करायचं ते मला कळेना. दुपारपर्यंत कळलं. तेव्हापासून मी वर्षातला तो एक दिवस पाळते आणि सूनबाईलाही पाळायला लावते. सून नागपूरची, कॉम्प्युटरवाली. पहिल्या वर्षी म्हणाली, "आई, हे कुठल्या पोथीत आहे?" मी म्हटलं, "पोथी कशाला? तू बस."

त्यात त्या पहिल्या दिवशी दुपारपासून बर्फ सुरू झालं. पुढच्या वाटेवर गुडघाभर साचलं. मिंग फावडं घेऊन निघाला तर पोपो दारात आडवी. वाट साफ करणं म्हणजे झाडणंच, नशीब रस्त्यावर लोटून द्यायचंय का? मिंग म्हणे, "मा, पोस्टमन घसरून पडला तर?" पोपो म्हणे, आज पोस्टमन येत नाही. दोघांचे आवाज चढले. व्हेंटखाली यीन आणि मी कान लावून. इतक्यात आमचे हे बाजूच्या दाराने बाहेर गेले. "अरे, आमच्याकडे पण तिन्हीसांजेला केर बाहेर टाकत नाहीत," ते मिंगला त्यांच्या मोडक्या इंग्रजीत सांगू लागले. "अंगणात टाकू नको. आत ओढ. घराकडे." मिंगने ते पोपोला सांगितलं. पोपो दारातून बाजूला झाली.

मग दोघा पुरुषांनी रस्त्याच्या बाजूने सुरुवात करून सगळं बर्फ घराच्या दाराकडे ओढायला घेतलं. फावड्याने ओढून ओढून दाराच्या पायरीशी कमरेएवढा ढीग केला. समोरचा म्हातारा गोरा शेजारी त्याच्या ड्राइव्हवेवरून बघत होता. शेवटी राहवेना तेव्हा ओरडला, "यू गाइज आर डूइंग इट राँग!" हे फावड्यावर रेलून ओरडले, "इट्स लक, सर! टेकिंग इन!" म्हाताऱ्याने थोडा विचार केला, आपल्या ड्राइव्हवेकडे पाहिलं, आणि उरलेलं बर्फ तसंच सोडून आत गेला.

दुसरा दिवस उजाडला आणि यीनची अडचण झाली. तिच्या बॅगेत सगळे कपडे काळे नाही तर करडे. लेकीने दुसऱ्या दिवशी असं कसं जायचं? मी पेटीतून माझा लाल स्वेटर काढला, सासूबाईंनी लग्नात दिलेला, मला गुडघ्यापर्यंत यायचा. तिला बेताचा बसला. तिने आरशात पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तू नाही तयार होत?" मी म्हटलं, मी कशाला, तुझी आई. तिने तसंच व्हेंटखाली जाऊन वर हाक मारली. वरून उत्तर आलं ते छोटंसंच होतं, पण जमिनीवर दोनदा ठोकलं गेलं. "आई म्हणतेय, तिला लेकी दोन येणार आहेत, दोघींची मोसंबी काढून ठेव."

मला माहेर सोडून तेव्हा वर्ष व्हायचं होतं. गावात फोन फक्त पोस्टात. आईचा आवाज मी तेवढ्या काळात ऐकला नव्हता. मी लग्नातला शालू काढला. त्यावर कोट, खाली बर्फाचे बूट, हातात दोन मोसंबी. आम्ही बाजूच्या दाराने निघालो. घराला वळसा घातला. रस्त्यावर जाऊन मग वाटेने पुढच्या दाराकडे वळलो, कारण यीन म्हणाली, यायचं तर रस्त्यावरून यायचं. आणि दारापुढे पाहतो तर तो ढीग. रात्रीतून गोठून कडक झालेला. त्याच्यापलीकडे उघड्या दारात पोपो, अंगात लाल रेशमी जाकीट, मागे मिंग आणि आमचे हे, जे लाजलज्जा सोडून आधीच आत जाऊन बिया खात होते.

"बाजूने या," मिंग म्हणाला. बाजूला वाट नव्हती. यीन चढली, घसरली, पुन्हा चढली. मी शालू गुडघ्यापर्यंत खोचला, आमच्याकडे लावणीच्या चिखलात खोचतात तसा, आणि मोसंबी पोटाशी धरून तिच्या मागे. वर पोचलो आणि दोघींचे पाय एकदमच त्या नशिबात रुतले. यीनला हसू आवरेना. पोपोने दोन्ही हात पुढे केले आणि आम्हाला एकेकीला ओढून आत घेतलं. आणि मग तिने लेकीला विचारलं, अगदी गंभीरपणे, लांबच्या गावाहून आलेल्या मुलीला विचारावं तसं, "वाट लांब होती का?"

यीनचं हसू थांबलं. ती म्हणाली, "हो. फार लांब होती, आई." पोपोने तिचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. जेवायला बसल्यावर तिने माशाचा सगळ्यात चांगला तुकडा काट्यांतून स्वतःच्या हाताने सोडवला आणि यीनच्या वाडग्यात ठेवला. दुसरा माझ्या. आणि मिंगने हात पुढे केला तर त्याच्यावर चॉपस्टिक मारली.

त्याच जेवणात कळलं की पैशांची लाल पाकिटं लग्न झालेल्यांनी लग्न न झालेल्यांना द्यायची असतात. म्हणजे एकोणीस वर्षांच्या मी, बत्तीस वर्षांच्या मिंगला. पोपोने तयार पाकीट माझ्या हातात कोंबलं. मिंग माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "आंटी, हॅपी न्यू इयर." आमचे हे हसता हसता खुर्चीवरून पडायचे राहिले.

काळोख पडायच्या आत लेकींनी परत जायचं, तसे आम्ही परत वळसा घालून खाली आलो. तिसरा दिवस भांडणाचा, त्या दिवशी कुणी कुणाकडे जात नाही, म्हणून यीन माझ्याकडेच राहिली. चौथ्या दिवशी पोपोने आतल्या दाराची कडी काढली आणि बॅग वर गेली. उन्हाळ्यापर्यंत यीन आईजवळ होती, मग तिने काम आणि जागा दोन्ही स्वतःची शोधली. मिंगच्या नशिबाला काही झालं नाही. आता त्याला टक्कल पडलंय, एवढंच, आणि त्याचं खापर तो आमच्या बर्फावर फोडतो.

सातव्या दिवशी सगळ्या माणसांचा वाढदिवस असतो. सगळे एकाच दिवशी एका वर्षाने मोठे होतात. पोपोने सगळ्यांना लांब शेवयांचा वाडगा दिला. माझी जन्मतारीख शाळेत मास्तरांनी घातलेली, एक जून, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांसारखी. दवाखान्यातली मुलगी दर वर्षी एक जूनला मला हॅपी बर्थडे म्हणते आणि मी थँक्यू म्हणते. पण मी वाढते ती त्या सातव्या दिवशी. वीस वर्षांची मी पोपोच्या टेबलावर झाले.

पोपो जाऊन आता बरीच वर्षं झाली. आम्हाला आमचं घर झालं. माझी लेक व्हिटबीला असते, आणि त्यांच्या नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी ती येते. तिला सुट्टी नसली तर संध्याकाळी तासभर, पण येते. मी दार उघडते आणि विचारते, "वाट लांब होती का गं?" ती म्हणते, "ममा, द ट्रॅफिक वॉज क्रेझी," आणि मला मिठी मारते. आदल्या दिवशी ह्यांनी बर्फ दाराकडे ओढून ठेवलेलं असतं. आता पाठ दुखते, ढीग पूर्वीएवढा होत नाही, पण ओलांडावा लागेल एवढा असतो. जावई कॅलगरीचा, तो प्रत्येक वर्षी त्याच्यासमोर थांबतो आणि विचारतो की ही वाट कुणी अशी का केली. माझी लेक बुटांनिशी वर चढते, हात मागे करून त्याला धरते आणि म्हणते, "डोन्ट आस्क. जस्ट क्लाइंब."